दोन घटकांचं पाणी

गुणमालाबाई दिवसातून एकदाच जेवतात, हे कुंडलातल्या त्यांच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. का, हे मात्र कुणीच विचारलं नव्हतं.

विचारायची रीतच नव्हती. नवरा जाऊन पाच महिने झालेले, वय एकाहत्तर, त्यात जैनांचं घर. अशा बाईनं हळूहळू अन्न कमी करत आणलं तर त्याचा अर्थ ज्याचा त्यानं समजून घ्यायचा आणि हात जोडायचे. दुसऱ्याच्या नियमात अंतराय, म्हणजे विघ्न, आणणं हे पाप. मुलगा भरतेश सांगलीला औषधांचं दुकान चालवत होता, दर रविवारी येत होता. आईच्या गळ्याची हाडं वर आलेली त्याला दिसत होती. पण तोंड उघडायची त्याची हिंमत झाली नव्हती. शेवटी शुक्रवारी रात्री त्यानं साताऱ्याला बहिणीला फोन केला.

"अक्का, आज आई जेवलीच नाही. फक्त पाणी घेतलं म्हणाली. तू ये. माझ्यानं विचारवत नाही."

ब्राह्मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. शनिवारी पहाटेची गाडी धरून, कराडला बदलून दहाच्या सुमाराला ती घरापाशी पोचली. फाटकातच शेजारच्या बनुबाई भेटल्या.

"आलीस व्हय? बरं केलंस," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "तुजी आई लय मोठ्या वाटेला लागलीया बघ. आमच्यासारख्यांचं काम न्हवं ते."

ब्राह्मीनं मान हलवली. पायऱ्या चढताना मात्र ती मधेच थांबली. सल्लेखनेची, अन्न सोडत देह ठेवण्याची, ती वाट खरोखरच आईनं धरली असेल तर आपण काय बोलणार होतो? आणि धरली नसेल, तर हे नुसतं वाळत जाणं कशासाठी?

आई स्वयंपाकघरात पाटावर बसली होती. लुगडं नेहमीसारखं स्वच्छ, केस बांधलेले. गॅसची शेगडी कोरडी ठणठणीत. तिनं लेकीला डब्यातले शेंगदाणे आणि गूळ काढून दिला.

"चुलीवर काय ठेवलं न्हाई आज. एवढं खा. आन् ताटली घिऊ नको, हातावरच घे."

"का गं?"

"उगंच कशाला धुवायला वाढवा?"

ब्राह्मीनं हातावर घेऊन खाल्लं. तेवढ्यानंही हात चिकट झाले म्हणून ती उठून सिंकपाशी गेली आणि नळ सोडला. आई पाटावरून अर्धवट उठली.

"तिथं नको. फडक्याला पूस."

पण पाणी पडलं होतं. ते सिंकच्या तळाशी साचलं आणि तिथंच थांबलं. क्षणभरानं खालून एक मोठा बुडबुडा वर आला, भरलेली घागर उपडी केल्यावर येतो तसा आवाज झाला. पाणी बोटभर उतरलं, पुन्हा थांबलं. आईनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. ती नजर ब्राह्मीच्या ओळखीची होती. प्रयोगशाळेत स्टॉपवॉच हातात असलेली मुलं असं बघतात.

घड्याळाखाली तिथींचं कॅलेंडर लटकत होतं. प्रत्येक तारखेच्या चौकटीत पेन्सिलीनं बारीक आकडे लिहिलेले होते. काही चौकटींत दोन, काहींत एक. ब्राह्मीला आधी वाटलं, साखर तपासत असेल. पण साखर इतकी कमी असती तर माणूस उभंच राहिलं नसतं. भिंतीवर गेल्या वर्षाचं कॅलेंडरही मागे तसंच होतं. तिनं पान उचलून पाहिलं. नोव्हेंबरात नऊ आणि सहा. डिसेंबरात एकवीस, बारा. या वर्षीच्या जानेवारीत चाळीस, चोवीस. संक्रांतीच्या सुमाराला पहिला आकडा पन्नासवर गेला आणि तिथून पुढे चौकटीत एकच आकडा राहिला. तोही वाढतच होता. कालचा होता एकावन्न. आजची चौकट कोरी होती.

संक्रांत. भरतेशनं हेच सांगितलं होतं: संक्रांतीपासून एकवेळ.

"आई, ही मिनिटं आहेत ना? सिंकमधलं पाणी जायला लागणारी?"

आईनं पदरानं ओट्याची कड पुसली, जिथं पुसण्यासारखं काहीच नव्हतं.

अठ्ठेचाळीस मिनिटं म्हणजे दोन घटका. उष्ट्याखरकट्याचं पाणी त्याहून जास्त वेळ साचून राहिलं की त्यात जीव उत्पन्न होतात, आणि ते पाणी फेकलं की मरतात, हे ब्राह्मी लहानपणापासून ऐकत आली होती. या घरात पाणी गाळून घेत, ताट धुऊन ते पाणी पीत, दिवस बुडायच्या आत भांडी पालथी पडत. त्या आकड्याशी तिचं कधी भांडण नव्हतं. मर्यादा कुठंतरी घालावी लागते, ती पाळणाऱ्यानं ठरवावी.

"म्हणजे सकाळचं पाणी दोन घटकांत जाईना, म्हणून सकाळचा स्वयंपाक बंद केलास."

"दुपारी एकला सगळ्यात कमी लागायचं. म्हणून दुपारवर आणलं."

"आणि काल दुपारीही एकावन्न लागली."

"व्हय."

"म्हणून जेवायचंच बंद?"

आईनं दाराबाहेर बोट दाखवलं. "भांडी बाहीर घासली असती. पर तुला दिसलं न्हाई का, फरशीच्या कडंनं सगळी मुंग्यांची घरं हायेत. आन् पुढं गटार तुंबलंय. एकाचं टाळाया दुसऱ्याचं पाप."

"सांगायचं होतंस आम्हाला."

"नळवाल्या कृष्णातला इचारलं. तो म्हणला अ‍ॅसिड ओततो, घडीत मोकळं हुतंय. न्हाई तर उकळतं पाणी. पाइपात काय काय जगत असंल, त्याच्यावर?" तिनं लेकीकडे पाहिलं. "भरतेशला सांगितलं असतं तर मी देवळात गेलेली बघून त्यानं बाटली रिकामी केली असती. तुजा भाऊ हाय, तुला ठावं."

ठावं होतं. महिनाभर सगळं गाव या बाईपुढे हात जोडत होतं, आणि ती एका तुंबलेल्या मोरीपायी वाळत चालली होती. तिला कुणी विचारलं नाही, आणि तिनंही कुणाला सांगितलं नाही.

"आज मोकळं केलं, अ‍ॅसिडशिवाय, तर जेवशील?"

"दिवस हाय तवर झालं तर," आई म्हणाली. "काल मोकळं हुईल म्हणून बसले हुते, बसलेच."

कॅलेंडरवर सूर्यास्त सहा एकोणतीसचा होता. घड्याळात साडेअकरा.

ब्राह्मीनं कृष्णातला फोन करून पाना मागवला. पाना घेऊन अडीचच्या सुमाराला तो स्वतःच आला. पन्नाशीचा, गावातल्या अर्ध्या घरांचे नळ त्यानंच जोडलेले. दारातच चप्पल काढत तो म्हणाला, "काय काकू, आणली का लेक माज्या इरोधात? म्हणलं हुतं, एक बाटली अन् पाच मिंटं."

"तुज्या बाटलीत तुला बुडवीन," गुणमालाबाई म्हणाल्या. महिन्याभरात त्यांचा आवाज पहिल्यांदा थोडा चढला असावा, कारण कृष्णात खूश होऊन हसला.

ब्राह्मीनं सिंकमध्ये थोडं पाणी घेतलं, खाली बादली ठेवली आणि प्लास्टिकची बाटली, जिच्यात पाणी वळून पुढे जातं, ती आट्या फिरवून काढली. सिंकमधलं पाणी एका दमात बादलीत कोसळलं. म्हणजे वरची वाट मोकळी होती. बाटलीच्या तळाशी राईचे चार दाणे आणि एक कढीपत्त्याचं पान. त्यावर स्वच्छ पाणी.

आई वाकून बघत होती. "ह्यात पाणी कायमच असतंय?"

खोटं बोलणं ब्राह्मीला जमलं नसतं. "असतं. नाहीतर गटाराचा वास घरात येईल."

आई आणखी वाकली. "तुजे आप्पा सांगायचे, भांडी झाली की शेवटी एक तांब्या गाळलेलं पाणी सोडत जा. का म्हणून इचारलं तर बोलायचे न्हाईत. मी आजबी सोडते. ते ह्याच्यासाठीच असंल." ती सरळ झाली. "टाळता येतंय तेवढं टाळायचं. बाकीच्याला माफी मागायची. जोड तू."

बाटली धुऊन पुन्हा बसवली. बादलीतलं पाणी कृष्णातनं पपईच्या आळ्यात मुंग्या बघून हळू सोडलं. सिंकमध्ये पुन्हा पाणी घेतलं तर पुन्हा तेच: बुडबुडा, थांबणं, बुडबुडा.

"मग पुढं पाइपातच तूप थिजलंय, ताई," कृष्णात म्हणाला. "सकाळी थंडीनं जास्त थिजतंय, दुपारी सैल पडतंय. काकूंचा हिशेब बरोबर हाय. पर औषध माजंच लागू पडणार."

ते पटण्यासारखं होतं, म्हणूनच ब्राह्मीला ते तपासून घ्यायचं होतं. ती कॅलेंडरपाशी गेली. जानेवारीच्या एकोणीस तारखेला, आसपासचे आकडे सत्तावीस-अठ्ठावीस असताना, सत्तेचाळीस लिहिलं होतं आणि शेजारी एक शब्द: आभाळ.

"आई, त्या दिवशी काय झालं होतं?"

"दिवसभर झाकळलेलं. रात्री भुरभुर पाऊस. एक मिंट राहिलं हुतं, म्हणून ध्यानात हाय."

"थंडी होती?"

"उबाराच हुता. आभाळ आलं की थंडी पळती."

ब्राह्मी उभीच राहिली. तूप असतं तर उबदार दिवशी पाणी लवकर गेलं असतं. ते तर सगळ्यात उशिरा गेलं. याचा संबंध थंडीशी नव्हता, ओलीशी होता. सकाळी दव असतं, दुपारी ते वाळतं, पावसात भिजतं. पण जमिनीतल्या पाइपाला दवाचं काय? दव पडतं ते उघड्यावर.

ती बाहेर सांडपाण्याच्या चेंबरपाशी गेली. कृष्णातनं झाकण उचललं. स्वयंपाकघराकडून येणाऱ्या पाइपाचं तोंड चेंबरच्या पाण्यात बुडालेलं होतं, वास येऊ नये म्हणून मुद्दाम तसं ठेवलेलं. आतल्या टोकाला बाटलीत पाणी, बाहेरच्या टोकाला चेंबरात पाणी. मधल्या पाइपात हवा कोंडलेली.

पहिल्या वर्षाच्या मुलांना ती काचेची नळी पाण्यात बुडवून दाखवायची. वरच्या टोकावर बोट ठेवलं की नळीतलं पाणी खाली पडत नाही. बोट उचललं की पडतं. पाणी जायचं तर हवेला जागा द्यावी लागते. वरून कुणीतरी बोट ठेवलं होतं.

"कृष्णात, या लाइनीला वर गच्चीवर हवेचा पाइप आहे ना?"

"हाय की. मीच चढवलाय. जाळीची टोपी..." तो बोलता बोलता थांबला.

"शेवटचा कधी पाहिलास?"

कृष्णातनं झाकण हळूच जागेवर ठेवलं. हसू गेलं होतं. "दोन वर्सं झाली असतील."

आता दुपारचे साडेतीन वाजून गेले होते. गच्चीला लोखंडी शिडी होती. गुणमालाबाईंचे गुडघे तिच्यावर चढत नव्हते, त्या खाली जास्वंदीपाशी उभ्या राहिल्या. आप्पा मात्र शेवटपर्यंत चढत होते. दर चतुर्दशीला पहाटे वर जाऊन सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, बसायचे. दोन घटका पूर्ण झाल्या की उतरायचे. त्या वेळात वरती कुणी जायचं नाही, हाक मारायची नाही.

पाण्याच्या टाकीमागे, कोपऱ्यात, माणसाच्या छातीइतका उंच पाइप उभा होता. त्याच्या तोंडावर काळी गाठोडी असावी तसं काहीतरी बसलं होतं. ब्राह्मी जवळ गेली. ते कापड होतं. दुहेरी घडीचं, सुतळीनं गळ्याशी आवळलेलं. पावसाळ्याच्या शेवटी धरलेलं शेवाळ वाळून त्यावर चिकटलं होतं, आणि त्याच्यावर थर बसला होता तो उसाचं पाचट जाळल्यावर गावभर उडणाऱ्या काळ्या तुसांचा. साखर कारखान्याचं गळीत सुरू झाल्यापासून चार महिने. दवानं ती तुसं भिजून खळ दिल्यासारखी घट्ट झाली होती. अजूनही उत्तरेची बाजू ओलसर होती.

सुतळीची गाठ तिनं लगेच ओळखली. द्राक्षाच्या काड्या तारेला बांधताना आप्पा मारायचे ती गाठ. काडीला काचत नाही, आणि एक टोक ओढलं की सुटते.

तिला काही क्षण हात लावता येईना.

"काय हाय गं?" खालून आवाज आला.

"कापड बांधलंय, आई. आप्पांनी."

खालून पुन्हा: "कापू नको. झटकू बी नको. आत काय जिवंत असंल तर."

ब्राह्मीनं टोक ओढलं. गाठ सुटली. कापड तिनं दोन्ही तळव्यांवर उचललं आणि त्याच क्षणी पाइपाच्या तोंडातून, कुणीतरी लांब श्वास सोडावा तसा, दबलेल्या हवेचा झोत तिच्या मनगटाला लागला.

शिडीच्या वरच्या पायरीवर उभा असलेला कृष्णात पाइपाकडे बघत नव्हता. कठडा धरून तो म्हणाला, "टोपी वाऱ्यानं उडाली हुती. आप्पांनी मला बोलावलं. पाइपात चिमणीचं पिल्लू पडलं हुतं. आमी तार घालून काढलं, पर मेलेलं निघालं. मी म्हणलं, उद्या नवी टोपी आणतो. आप्पा म्हणले, तुजी जाळी मोठी, बारकं काय बी आत जातंय. मी बांधतो. अन् म्हणले, काकूंना सांगायचं न्हाई. तिच्या सैपाकाच्या पायी गेलं असं तिला वाटंल, ती जेवायची न्हाई. मी इसरूनच गेलो हुतो, ताई. कापडाचं. खरं सांगतो."

तो हळू बोलला होता, पण दुपारच्या शांततेत खालीही ऐकू गेलं असावं. ब्राह्मीनं कठड्यावरून पाहिलं. आई वर बघत नव्हती. जास्वंदीच्या फांदीला हात लावून उभी होती.

ब्राह्मी कापड घेऊन जपून उतरली. आईनं ते हातात घेतलं नाही, नुसती कड उलगडली. काळ्या थराखाली लाल काठाची रेघ दिसली.

"माजं पाण्याचं गाळणं," ती म्हणाली. "शोध शोध शोधलं हुतं. मला वाटलं, वाऱ्यानं गेलं." मग: "चतुर्दशीला वर जायचे, तवा बादली न्यायचे बरोबर. मी म्हणायची, सामायिकाला बादली कशाला. तर म्हणायचे, गच्ची झाडायची हाय."

दर पंधरा दिवसांनी ते कापड उतरवत असणार, पाण्यात खळबळून पुन्हा बांधत असणार. म्हणून दीड वर्ष सिंकनं कधी तक्रार केली नाही. आप्पा गेल्यावर पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून कॅलेंडरवर आकडे सुरू झाले. एकाचं गुपित दुसऱ्याच्या पोटावर येऊन बसलं होतं, हे दोघींनाही कळलं.

गाळणं जास्वंदीच्या सावलीत, दगडावर पसरलं. त्यातून एक बारकी गोगलगाय आणि दोन लाल किडे हळूहळू बाहेर येत होते.

पाइप उघडा ठेवून चालणार नव्हतं. कृष्णात टोपी आणायला गावात निघाला, तशी गुणमालाबाई आत गेल्या आणि रव्याची चाळण घेऊन आल्या. स्टीलची, बारीक जाळीची, लग्नात आलेली.

"काकू, आन् रवा कशानं चाळणार?" कृष्णात म्हणाला.

"तू शिरा खायला येणार असलास तर दुसरी घिईन."

चाळण पाइपाच्या तोंडापेक्षा चौपट रुंद होती. ब्राह्मीला तेच हवं होतं. जितकी जाळी मोठी, तितकी ती भरायला वेळ लागतो. पाइपावर उपडी ठेवून, खाली तीन बाजूंनी आधार देऊन, उरलेल्या फटीत मच्छरदाणीची जाळी दुमडून तिनं सुतळी आवळली. गाठ तिला आप्पांसारखी जमली नाही. दोनदा सोडून पुन्हा बांधली, मग तशीच राहू दिली.

पाच वाजून दहा मिनिटांनी ती सिंकपाशी आली. भरलेली कळशी एका दमात ओतली. पाणी गोल फिरलं आणि गेलं. आवाज आला नाही. तिघंही घड्याळाकडे बघत होती, आणि बघून होईपर्यंत सिंकचा तळ दिसत होता.

"एक मिंट बी न्हाई," कृष्णात म्हणाला. त्यानं पाना उचलला आणि जाताना दारातून मागे वळला. "काकू, माजं चुकलं."

"तुजं काय? तू सांगणार न्हाई म्हणून शब्द दिला हुतास. पाळलास."

तो गेल्यावर गुणमालाबाईंनी शेगडी पेटवली. ज्वारीची एक भाकरी थापली, मग जरा थांबून दुसरी. मुगाच्या डाळीची पातळ आमटी. ब्राह्मी मदतीला उठली तर त्यांनी हातानंच बस म्हटलं. सहाला दोघी पाटावर बसल्या. आईनं पहिला घास हातात धरून डोळे मिटले, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग खाऊ लागली. हळू, दोन दिवसांच्या उपाशी माणसासारखी नव्हे, तर कामावरून आलेल्या माणसासारखी. भाकरी संपली तेव्हा खिडकीतलं ऊन पिवळं होऊन भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात गेलं होतं.

भांडी तिनंच घासली. शेवटी एक तांब्या गाळलेलं पाणी सोडलं आणि सिंकच्या कडेला दोन्ही हात टेकून उभी राहिली.

"त्यांनी मला सांगायला पायजे हुतं," ती म्हणाली.

"तूही आम्हाला," ब्राह्मी म्हणाली.

आईनं पेन्सिल घेऊन आजच्या चौकटीत 'एक' लिहिलं.

"जाळी परत भरंल."

"भरेल. म्हणून हे लिहायचं बंद करू नकोस. दर चतुर्दशीला मला फोनवर आकडा सांग. दहाच्या वर गेला की मी येते."

"साताऱ्यास्नं? एका जाळीसाठी?"

"भरतेश जाळी झटकून मोकळा होईल, कृष्णात विसरेल. जपून उतरवणारं आता दुसरं कोण आहे?"

आईनं पेन्सिल कॅलेंडरच्या दोरीत अडकवली. बाहेर काळोख पडायला लागला होता. ती पायरीवर येऊन जास्वंदीकडे बघत उभी राहिली. दगडावरचं गाळणं आता नुसतं काळं दिसत होतं.

"चार दिवस तिथंच राहू दे," ती म्हणाली. "ज्यांना जायचंय त्यांना जाऊ दे. मग धुते." आणि आत वळता वळता, "भरतेशला फोन कर. म्हणावं, जेवली. आन् उद्या लवकर ऊठ, दोन वेळचं करायचं हाय."